अंतकाळाचे सोबती

राज्ये कोणी मिळविली आणि कोणी घालविली याचा इतिहास लिहून ठेवण्याची चाल सर्व देशांत आहे. धर्मशाळा, घाट व देवालये कोणी बांधली याचेही शिलालेख सापडतात. परंतु मरणोन्मुख मनुष्याच्या उशाशी बसून ज्यांनी रात्री जागविल्या, त्याचे ओठ ओले केले, आणि प्राण गेल्यावर त्याच्या माणसांना सावरले, अशांची नोंद कोणत्याही बखरीत नाही. हे काम बहुधा घरातील स्त्रियांनी केले, आणि जे काम घरातील स्त्रिया करतात त्याची किंमत लिहून ठेवण्यासारखी असते असे आपल्या पूर्वजांना वाटले नाही. या स्मृतिग्रंथात आपल्या श्रीगुरुपरंपरेचा व मठाच्या कार्याचा वृत्तांत अधिकारी लेखकांनी दिलेलाच आहे. तेव्हा मठाशी ज्यांचा संबंध घरातील शेवटच्या आजारात आणि पुढील तेरा दिवसांत विशेष येतो त्या भक्तजनांपुढे या उपेक्षित सेवेचा अल्पसा इतिहास मांडला तर तो अस्थानी होणार नाही, असे वाटते.

आपल्या आयुर्वेदाने चिकित्सेचे चार पाद मानले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. चरकसंहितेत परिचारकाच्या अंगी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे गुण असावेत असे सांगितले आहे. दोन सहस्र वर्षांपूर्वी परिचारकाला वैद्याच्या पंक्तीत बसविणारे हे शास्त्र आहे, ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु त्याच संहितेच्या इंद्रियस्थानात मृत्यूची पूर्वचिन्हे, ज्यांस अरिष्टे म्हणतात ती, विस्ताराने दिली आहेत; आणि ती ओळखून असाध्य रोग्याची चिकित्सा वैद्याने हाती घेऊ नये असाही अभिप्राय आहे. ग्रीक वैद्यकातही हीच रीत होती. वैद्य अपयशाला भिऊन निघून जाई असे केवळ नव्हे. खोटी आशा दाखवून द्रव्य घेऊ नये ही त्यात प्रामाणिक बुद्धीही होती. तथापि परिणाम एकच झाला. वैद्य उठून गेला की रोगी घरच्यांच्या आणि धर्माच्या स्वाधीन होई.

धर्माने ही जागा रिकामी ठेवली नाही. काशीयात्रेहून आणलेली, लाखेने तोंड बंद केलेली तांब्याची गंगाजळी ज्यांच्या देवघरात पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलेली असे, अशी घरे गोमंतकात, बेळगावाकडे, इंदूर-ग्वाल्हेरकडे अनेक होती. ती एकाच प्रसंगी फोडावयाची. रोग्याला खाली दर्भावर घेणे, मुखात तुळशीपत्र व गंगोदक घालणे, कानाशी नामस्मरण अथवा विष्णुसहस्रनाम चालू ठेवणे हे सर्व विधी ज्यांनी पाहिले आहेत त्यांना एक गोष्ट लक्षात आली असेल : या विधींमुळे घरातील प्रत्येकाला काही ना काही करावयास मिळते. मरणाच्या वेळी सर्वांत असह्य असते ती निरुपाय होऊन उभे राहण्याची अवस्था. तिच्यावर विधी हा उतारा होता.

मृत्यूनंतरची व्यवस्था तर अधिकच विचारपूर्वक लावलेली दिसते. सुतकाच्या घरी चूल पेटवावयाची नाही, म्हणून शेजारी व सोयरे पिठले-भात घेऊन येत. समाचाराला येणारा मनुष्य फार बोलत नसे. तो येऊन बसे, आणि बसणे हेच त्याचे काम असे. सायंकाळी गरुडपुराण लागे. दहाव्या दिवशी पिंडाला काकस्पर्श होण्याची वाट पाहताना मृताची कोणती इच्छा राहिली असेल याचा उच्चार चारचौघांत होई. कित्येक घरांतील मिटलेली भांडणे, कबूल केलेली ऋणे आणि दिलेली वचने यांचा उगम त्या नदीकाठच्या तिष्ठण्यात आहे. तेराव्यानंतर दुखवट्याची वस्त्रे, गोडाचे जेवण, मग मासिक श्राद्धे आणि शेवटी वर्षश्राद्ध. शोकाला असा पंचांगाचा आधार देणारी पद्धती ज्यांनी घडविली त्यांना मनुष्यस्वभावाचे ज्ञान होते.

पण ही स्तुती येथेच थांबविणे भाग आहे. ज्या घरी शेजारीण पिठले-भात घेऊन येई त्याच घरी दहाव्या दिवशी मृताच्या पत्नीच्या मस्तकावरून वस्तरा फिरे. जिचा शोक सर्वांत मोठा तिलाच शोकाची शिक्षा देणारी ही रूढी, विशेषतः ब्राह्मणादी वरिष्ठ म्हणविणाऱ्या जातींत, विसाव्या शतकातही चालू होती. ती पाळणाऱ्या घरांत आपल्यापैकी कित्येकांची आजी-पणजी होती; हा दुरून पाहावयाचा इतिहास नव्हे. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांचे केशवपन यापुढे करणार नाही असा निश्चय जाहीर केला. शास्त्रीपंडितांचे वाद चालू असताना ज्याच्या हाती वस्तरा होता त्यानेच तो खाली ठेवला, ही घटना आपल्या सामाजिक इतिहासात जेवढी गाजावयास हवी होती तेवढी गाजली नाही.

केशवपन गेले, पण बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या गोष्टी राहिल्या. बेळगावच्या सीमेपासून दूर नसलेल्या, कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनी त्याचे अनुकरण करावे असे आवाहन केले. एका लहानशा गावाने हे करावे आणि नगरांतील सुशिक्षित घरांनी अजून मुहूर्त पाहत बसावे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

वैधव्याच्या या कथेतूनच आपल्याकडील शुश्रूषेच्या व्यवसायाचा एक मोठा प्रवाह निघाला आहे, आणि तो येथे सांगणे अवश्य आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुणे सेवासदन सुरू झाले. रमाबाई स्वतः १९०१ साली विधवा झालेल्या. सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी हिंदू स्त्रिया पाठविण्याचा उपक्रम केला, तेव्हा परजातीच्या रोग्याचा स्पर्श, परपुरुषाची सेवा, रात्रीची पाळी, मलमूत्र काढणे, प्रेताला हात लावणे अशा आक्षेपांचा भडिमार होण्यासारखी त्या काळची समजूत होती. आजच्या वाचकाला हे आक्षेप हास्यास्पद वाटतील. परंतु त्यांतील एकेक आक्षेप म्हणजे मरणाऱ्या मनुष्याला नेमके जे हवे असते त्याचेच नाव आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींच्या धैर्याची कल्पना येते. ज्यांना मंगलप्रसंगी दारात उभे राहू देत नसत त्यांनी मरणाच्या दारात उभे राहण्याचे शास्त्र शिकून घेतले.

आता थोडे काशीकडे वळू. मरणासाठी काशीस जाऊन राहण्याची, म्हणजे काशीवासाची, परंपरा अतिप्राचीन आहे आणि तीत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. मणिकर्णिका घाटाची बांधणी अहल्याबाई होळकरांनी करविली. शेजारचा शिंदे घाट १८३० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी बांधला. इंदूर आणि ग्वाल्हेर येथील आपल्या बांधवांना ही नावे सांगावयास नकोत. घाट बांधणे म्हणजे मरणाऱ्यांसाठी आणि मेलेल्यांसाठी पायऱ्या बांधणे, हा त्या दोघींचा अर्थ होता. पुढे १९५८ साली दालमिया कुटुंबाच्या धर्मादायातून तेथे काशी लाभ मुक्ति भवन उघडले. मरावयास आलेल्या मनुष्याला येथे खोली मिळे, साधारणतः दोन आठवड्यांच्या बोलीने. भजन करणारे व पूजा सांगणारे तेथे होते. डॉक्टर नव्हते, परिचारिका नव्हत्या, औषधोपचार नव्हता. शुश्रूषा करावयाची ती बरोबर आलेल्या मुला-सुनांनी. ज्याचे देहभोग सौम्य होते त्याला ते पुरे होई. वृद्धापकाळाने हळूहळू मावळणाऱ्या मनुष्यासाठी याहून चांगली व्यवस्था सुचविणे कठीण आहे. परंतु ज्याच्या जबड्यात अथवा मणक्यात कर्करोगाने घर केले आहे, त्याला नामस्मरण करावयाचे असले तरी वेदना करू देत नाहीत. हा प्रश्न भक्तिमार्गाने सुटणारा नव्हता, आणि तो सुटला तो एका परदेशी स्त्रीच्या हातून.

युरोपात यात्रेकरूंना व रोग्यांना आश्रय देणाऱ्या मध्ययुगीन धर्मशाळांना ‘हॉस्पिस’ असे नाव होते. मरणासन्नांसाठी खास घर या अर्थाने तो शब्द फ्रान्समधील ल्यों या नगरीत जान गार्निये या विधवेने १८४२ च्या सुमारास काढलेल्या संस्थेपासून रूढ झाला. या बाईने आपला पती आणि मुले गमाविली होती. पुढे १८७९ साली डब्लिनमध्ये आणि १९०५ साली लंडनच्या हॅकनी भागात ख्रिस्ती भगिनींनी अशी घरे उघडली. प्रेम, स्वच्छता व प्रार्थना तेथे होती. वेदनाशमनाचे शास्त्र मात्र अजून व्हावयाचे होते.

ते घडविणाऱ्या सिसिली साँडर्स यांचा जन्म २२ जून १९१८ चा. ऑक्सफर्डचे शिक्षण सोडून त्या युद्धकाळात परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले, म्हणून रुग्णालयात रोग्यांच्या सांसारिक अडचणी पाहणाऱ्या समाजसेविकेचे काम त्यांनी पत्करले. तेथे त्यांना डेव्हिड टास्मा हा पोलंडमधून आलेला ज्यू निर्वासित भेटला. वय चाळिशीचे, पोटात असाध्य कर्करोग, लंडनमध्ये सगेसोयरे कोणी नाहीत. ती त्याच्याकडे जाऊन बसत असे. आपल्यासारख्यांसाठी कसे घर असावे यावर दोघांचे बोलणे चाले. १९४८ च्या फेब्रुवारीत तो वारला, तेव्हा मागे पाचशे पौंड साँडर्स यांच्यासाठी ठेवून गेला. तुमच्या घराला एक खिडकी माझी असू द्या, अशा अर्थाचे त्याचे बोलणे होते. त्या पाचशे पौंडांभोवती घर उभे करावयास साँडर्स यांना एकोणीस वर्षे लागली.

ती एकोणीस वर्षे कशात गेली हे पाहण्यासारखे आहे. एका शल्यवैद्याने त्यांना सांगितले की, मरणाऱ्यांना टाकून जातात ते डॉक्टरच. तेव्हा हे बदलावयाचे असेल तर डॉक्टर व्हा. त्या तिशी उलटल्यावर वैद्यकाच्या वर्गात जाऊन बसल्या आणि १९५७ साली डॉक्टर झाल्या. नंतर हॅकनीच्या घरात सात वर्षे त्यांनी रोग्यांच्या वेदनांची बारकाईने टिपणे केली. त्या वेळची रीत अशी होती की, वेदना असह्य होऊन रोगी ओरडू लागला म्हणजे मॉर्फिनची सुई द्यावयाची. तिचा अंमल उतरला की पुन्हा ओरडण्याची वाट पाहावयाची. साँडर्स यांनी घड्याळ लावून, वेदना डोके वर काढण्यापूर्वीच, ठरावीक अंतराने तोंडावाटे औषध देण्याचा क्रम पाळला. त्याचा परिणाम असा झाला की रोगी वेदनेच्या भीतीतून मोकळा झाला, शुद्धीत राहिला, घरच्यांशी बोलू लागला. औषधाची चटक लागते ही भीतीही या पद्धतीत फोल असल्याचे त्यांच्या अनुभवास आले. त्यांची दुसरी मोठी देणगी म्हणजे ‘सर्वांगीण वेदना’ ही कल्पना. मनुष्याला दुखते ते केवळ शरीर नव्हे. मागे राहणाऱ्या मुलांची काळजी, कर्ज, तुटलेले संबंध, आणि हे माझ्याच वाट्याला का असा ईश्वराला विचारलेला प्रश्न, ही सर्व त्या एकाच दुखण्याची अंगे आहेत. आपल्याकडे आधिभौतिक, आध्यात्मिक व आधिदैविक असे तापत्रय सांगितले आहे. कल्पना अगदी तीच नव्हे, पण आपल्या वाचकास ती परकी वाटू नये.

जुलै १९६७ मध्ये लंडनच्या दक्षिणेस सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले. प्रवेशद्वाराजवळ टास्माची खिडकी आहे. साधी काच, नक्षी नाही. तेथील कार्याचा एक भाग असा की, रोगी गेल्यावरही मागे राहिलेल्यांकडे जाणे चालू ठेवावयाचे. कॉलिन मरे पार्क्स या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी ही शोकसांत्वनाची शाखा घडविली. १४ जुलै २००५ रोजी साँडर्स यांचे निधन त्याच घरात झाले.

याच सुमारास, १९६९ साली, एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचा मरणाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि त्यातील पाच अवस्था जगभर पाठ झाल्या : नकार, क्रोध, सौदेबाजी, विषाद, स्वीकार. मूळ वर्णन मरणाऱ्यांचे होते. पुढे ते मागे राहिलेल्यांच्या शोकालाही सर्रास लावण्यात आले, आणि जणू प्रत्येकाने या पाच पायऱ्या क्रमाने चढल्याच पाहिजेत असा एक बाळबोध समज पसरला. प्रत्यक्षात शोक असा पायरीने चालत नाही. तो महिनाभर शांत असतो आणि मग एखाद्या दिवाळीच्या पहाटे उटण्याच्या वासाने उसळतो.

हिंदुस्थानात या कार्याचे पहिले प्रसिद्ध घर म्हणजे १९५२ साली मदर तेरेसांनी कलकत्त्यात कालीमंदिराला लागून असलेल्या धर्मशाळेत उघडलेले निर्मल हृदय. रस्त्यावर मरत पडलेल्या मनुष्याला उचलून आणून छताखाली, माणसांत मरू देणे ही गोष्ट त्या काळी क्रांतिकारक होती. तथापि इतिहास लिहिणाऱ्याने दुसरी बाजूही नोंदवावी. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी १९९४ साली तेथील भेटीचा वृत्तांत दिला, त्यात रोगनिदान आणि प्रभावी वेदनाशामके यांचा अभाव दाखविला होता. प्रेम होते, औषध नव्हते. साँडर्स यांनी ज्या दोन गोष्टी एकत्र आणल्या त्यांतील एकच येथे होती.

दोन्ही एकत्र आणण्याचा आपल्या देशातील पहिला प्रयत्न १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे झाला. टाटा स्मारक रुग्णालयातील कर्करोगाचे शल्यवैद्य डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती अवेदना ही संस्था काढली. हिंदुस्थानातील ते पहिले हॉस्पिस. नावातच हेतू आहे : शांती, आणि वेदनेचा अभाव. संस्थेची शाखा गोव्यात लोटली येथे निघाली, म्हणून गोमंतकीय भक्तांना हे नाव परिचित असेल. चालविणाऱ्या ख्रिस्ती भगिनी, रोगी सर्व धर्मांचे. पुण्यात वारजे येथे सिप्ला न्यासाचे केंद्र १९९७ साली सुरू झाले. दिल्लीत त्याच सुमारास, स्वतः कर्करोगातून उठलेल्या हरमाला गुप्ता यांनी कॅनसपोर्ट ही संस्था उभारून घरोघर जाऊन सेवा देण्याचा मार्ग धरला.

परंतु या सर्वांच्या मार्गात एक विचित्र अडचण होती, आणि माळव्यातील आपल्या बांधवांना तिची खुमारी विशेष कळेल. ज्या अफूपासून मॉर्फिन निघते ती कायदेशीरपणे पिकविणाऱ्या जगातील मोजक्या देशांत हिंदुस्थान आहे. मंदसोर-नीमचची शेते खसखशीच्या फुलांनी पांढरी होतात. गाझीपूर व नीमच येथे सरकारी कारखाने आहेत. माल परदेशी औषधनिर्मितीसाठी जातो. आणि शेतापासून काही कोसांवर मरणारा रोगी मॉर्फिनवाचून ओरडत असे. कारण १९८५ सालचा अमली पदार्थांचा कायदा. नशेबाजीला आळा घालण्यासाठी केलेल्या या कायद्यात शिक्षा इतक्या कडक आणि परवाने इतक्या निरनिराळ्या खात्यांचे होते की, औषधविक्रेत्यांनी व रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. एक परवाना हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपे. १९८५ साली देशात सुमारे ६०० किलोग्रॅम मॉर्फिन रोग्यांसाठी वापरले जाई. १९९७ साली ते १८ किलोग्रॅमवर आले. डॉक्टरांची एक सबंध पिढी मॉर्फिनची गोळी हाती न धरता वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडली. २०१४ साली संसदेने कायदा दुरुस्त करून रुग्णालयांसाठी एकाच परवान्याची सोय केली. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणी ते औषध सहज मिळते असे म्हणता येणार नाही. कायदा बदलला तरी भीती एकदम जात नाही.

या अंधारात केरळचा दिवा लागला तो १९९३ साली. कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व त्यांचे सहकारी यांनी वेदनाशमनाची एक संस्था काढली. राजगोपाल हे भूलतज्ज्ञ. वेदना थांबविणे त्यांना येत होते. पण रोगी दवाखान्यापर्यंत येण्याइतका धडधाकट असेल तरच ना! म्हणून पथके घरी जाऊ लागली. आणि घरी गेल्यावर कळले की औषधाबरोबर तांदूळही हवेत, मुलीच्या शाळेची वह्यापुस्तकेही हवीत. मग मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यांचेच जाळे उभे राहिले. आठवड्यातून निदान दोन तास देऊ शकेल असा कोणीही, शिक्षक, रिक्षावाला, दुकानदार, विद्यार्थी, थोडे शिक्षण घेऊन स्वयंसेवक होऊ शके. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, आणि परस्परांचे तोंड न पाहणारे राजकीय पक्षही यात एकत्र आले. पैसा मुख्यतः स्थानिक, आणि पुष्कळसा अगदी लहान रकमांचा. २००८ साली केरळ शासनाने उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले आणि ग्रामपंचायतीकडे त्यासाठी परिचारिका आली. महाराष्ट्राने २०१२ साली व कर्नाटकाने २०१६ साली धोरणे केली. २०१० साली ‘इकॉनॉमिस्ट’च्या संशोधन विभागाने अंतकाळच्या सेवेची चाळीस देशांची तुलना केली, तीत हिंदुस्थान शेवटचा, चाळिसावा, पण त्याच अहवालात केरळची प्रशंसा होती.

आता ही सेवा करणारा मनुष्य प्रत्यक्षात करतो काय, ते थोडक्यात सांगतो, कारण ‘सेवा’ या शब्दाने ते झाकले जाते. तो दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलतो, नाहीतर पाठीला जखमा होतात. तोंड कोरडे पडते म्हणून ओल्या कापसाने ओठ व जीभ पुसतो. अन्न जात नसेल तर भरवण्याचा हट्ट करणाऱ्या मुलाला समजावतो की, बाबा उपाशी राहिल्यामुळे मरत नाहीत. मरणाच्या वाटेवर आहेत म्हणून त्यांना भूक उरलेली नाही. जखमेला दुर्गंधी सुटल्यामुळे ज्याच्या खोलीत नातवंडे येत नाहीत, त्याच्या जखमेवर मेट्रोनिडाझोलची गोळी कुटून तिची पूड पसरतो. दुर्गंधी कमी होते आणि नातवंडे परत येतात. शेवटच्या प्रहरात घशात घरघर लागते, ती ऐकून घरचे घाबरतात; त्या घरघरीचा त्रास बहुधा ऐकणाऱ्यालाच अधिक होतो, रोगी तिच्यापलीकडे गेलेला असतो, हे तो सांगतो. श्रवणशक्ती बहुधा अखेरपर्यंत टिकते असे मानतात, म्हणून उशाशी वाटणीची चर्चा नको असेही सुचवितो. कानाशी नाम घेण्याची आपली चाल या दृष्टीने योग्यच ठरते.

सर्वांत कठीण काम मात्र बोलण्याचे. आपल्या घरांत रोग्याला ‘काही सांगू नका’ असा दंडक असतो. रोगी सर्व ओळखून असतो, आणि घरच्यांना धक्का बसू नये म्हणून तोही न कळल्याचे सोंग करतो. असे दोन्ही बाजूंनी खोटे बोलत शेवटचे दिवस जातात. क्षमा मागावयाची राहते, किल्ल्या कोठे आहेत हे सांगावयाचे राहते, निरोप राहतो. शिकलेला सेवक घरच्यांच्या विरोधात जाऊन सत्य ओतत नाही. तो रोग्याला इतकेच विचारतो : तुम्हाला या आजाराविषयी काय वाटते? आणि मग गप्प बसतो. उत्तर येण्यास कधी दोन दिवस लागतात.

या सेवेचा एक असामान्य अध्याय मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी लिहिला. उत्तर कानडातील हळदीपूरच्या अरुणा शानबाग या तरुण परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयात क्रूर हल्ला झाला आणि मेंदूला झालेल्या इजेमुळे ती पुन्हा कधीच उठली नाही. १८ मे २०१५ पर्यंत, एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, तिच्या सहकारिणींनी आणि नंतर ज्यांनी तिला निरोगी असताना पाहिलेही नव्हते अशा परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला सांभाळले. तपासणाऱ्या डॉक्टरांना तिच्या अंगावर शय्याव्रण आढळला नाही. ज्यांनी रोग्याची कूस बदलली आहे त्यांना या एका वाक्याचे मोल कळेल. तिला मृत्यू द्यावा असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा, तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार ज्यांनी तिला सांभाळले त्या रुग्णालयातील मंडळींचाच आहे, असे न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात मानले. त्याच निकालाने, असाध्य अवस्थेत निरर्थक उपचार थांबविण्यास उच्च न्यायालयाच्या संमतीने वाटही मोकळी केली.

तीच वाट ९ मार्च २०१८ च्या घटनापीठाच्या निकालाने रुंद झाली : शुद्धीत असताना मनुष्याने आपल्या शेवटच्या उपचारांविषयीची इच्छा आगाऊ लिहून ठेवावी, ती मान्य व्हावी. कार्यपद्धती इतकी किचकट होती की कोणी तिच्या वाटेस जाईना. म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली, आणि नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे असा लेख करता येऊ लागला. ३१ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचा असा लेख नोंदवून गोव्यात प्रारंभ केला. कर्नाटक शासनाने ३० जानेवारी २०२५ रोजी आपल्या राज्यासाठी परिपत्रक काढले. सीमाभागातील भक्तांनी ते जरूर समजून घ्यावे. इच्छापत्रात घर कोणाला आणि शेत कोणाला हे आपण काळजीने लिहितो. घशात नळी घालावी की न घालावी हेही त्याच्याशेजारी लिहिण्यास हरकत नसावी.

आणखी एका वर्गाविषयी लिहिणे राहिले आहे. पुष्कळ घरांत आज शेवटची शुश्रूषा ब्यूरोकडून आलेली ‘मावशी’ करते. बारा तासांची पाळी, पुष्कळदा कोणतेही रीतसर शिक्षण नाही, आजारपणाची रजा नाही. सहा-सहा महिने ती आजोबांना अंघोळ घालते, त्यांच्या शिव्या खाते, त्यांच्या तरुणपणाच्या गोष्टी ऐकते; घरातील कोणालाही ठाऊक नसलेले त्यांचे दुःख तिला ठाऊक असते. आजोबा गेले की त्याच दिवशी तिचे काम संपते. हिशेब करून पैसे हातात पडतात. तिला सुतक नाही, दुखवट्याचे वस्त्र नाही, तिच्याकडे समाचाराला कोणी जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुसऱ्या मरणोन्मुखाच्या दारी असते. ज्या संस्थांत हे काम शास्त्रशुद्ध चालते तेथे सेवकांची बैठक नियमाने होते आणि गेलेल्या रोग्यांची नावे घेऊन त्यांच्याविषयी बोलावयास वेळ दिला जातो. खासगी घरांत मावशीला तेराव्याचे जेवण वाढतात, ते पुष्कळदा मागील दारी.

शोकग्रस्तांकडे परत जाण्याची पद्धतही अशा संस्थांनीच रूढ केली आहे. तेरावे आटोपते, सोयरे आपापल्या गावी जातात, फोन थांबतात, आणि घर खऱ्या अर्थाने रिकामे होते ते त्यानंतर. सुमारे दीड-दोन महिन्यांनी परिचारिका पुन्हा त्या घरी जाते. हातात औषधांची पिशवी नसते. कॉट हलविलेली असते, भिंतीवर हार घातलेला फोटो असतो. चहा होतो. पत्नी बहुधा तेच विचारते जे तिने मुलांना विचारलेले नसते : त्या रात्री मी डॉक्टरांना आधी बोलाविले असते तर? परिचारिका त्या रात्री तेथे होती. म्हणून तिच्या उत्तराला वजन असते. ती त्या रात्रीची हकीकत पहिल्यापासून, सावकाश, जशी घडली तशी सांगते.